दुप्पट उंचीची गच्ची

पुण्याच्या पश्चिमेला वाकड-ताथवडे ओलांडून पुनावळे, रावेतच्या बाजूला गेलं की नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर एक ठरावीक नक्षी दिसते. एका मजल्याची गच्ची पश्चिमेला, त्याच्या वरच्या मजल्याची दक्षिणेला, त्याच्याही वरच्याची पुन्हा पश्चिमेला. लांबून बघताना वाटतं, आर्किटेक्टनं हौसेनं असं केलं असावं. पण या नक्षीचा उगम बांधकामाच्या पूर्वीच्या नियमांत आहे. गच्चीच्या डोक्यावर लगेचच वरच्या घराचा स्लॅब आला तर तिला गच्ची म्हणायचं की बाल्कनी, हा प्रश्न तेव्हा उभा राहत असे आणि त्याबरोबर चटईक्षेत्राचा हिशेबही बदलत असे. दोन मजल्यांएवढी उंची मोकळी सोडली तर ती उघडी गच्ची ठरत असे. म्हणून गच्च्या एकाआड एक निघू लागल्या. नियमातून निघालेली ही जागा जाहिरातीत ‘डबल हाइट टेरेस’ म्हणून झळकते आणि घर बघायला आलेली माणसं तिथे येऊन थांबतात.

आम्हीही थांबलो. मी, नवरा आणि सासूबाई. पेठेतलं भाड्याचं घर सोडायचं ठरल्यापासून शनिवार-रविवार घरं बघण्यात जात होते. सरळसोट टू बीएचके बघताना डोक्याला त्रास नसतो. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, दर, हप्ता, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर, एवढं जुळलं की पुरे. खरी परीक्षा होते ती घरात काहीतरी वेगळं असलं की. गच्ची असते, पाच बाय सहाची ‘स्टडी’ असते, हॉलला दोन पायऱ्यांचा उतार असतो, नाहीतर बेडरूमच्या कोपऱ्यात खांब आलेला असतो. अशा जागी मन एकतर लगेच भाळतं किंवा लगेच बिचकतं. ‘पूर्ण टॉवरमध्ये असा फ्लॅट दुसरा नाही,’ असं विक्रीवाला सांगतो. ते खरंही असतं. पण तो तसा एकच का आहे, हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि मला तर वाटतं की घेणाऱ्यानं आधी तेच विचारायला हवं.

मुंबईच्या उपनगरांतल्या फ्लॉवर बेडची गोष्ट मला त्यामुळेच आठवते. बोरिवलीला मामांच्या इमारतीत प्रत्येक खिडकीबाहेर दोनेक फुटांचा सिमेंटचा वाफा होता. झाडं लावायला म्हणून दिलेला. मुंबईच्या तेव्हाच्या नियमांत हे वाफे चटईक्षेत्रात मोजले जात नसत, म्हणून त्या काळात ते घरोघर आले. विकताना मात्र त्यांची किंमत लागे, आणि ताबा मिळाला की बहुतेक घरांत आधी खिडकी निघे, मग वाफ्यावर लादी बसे आणि खोली दोन फुटांनी वाढे. पुढे जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, फ्लॉवर बेड, बाल्कनी, व्हॉइड सगळं चटईक्षेत्राच्या मोजणीत आलं आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे जादा चटईक्षेत्र, मिळाला. त्यानंतरच्या इमारतींतून फ्लॉवर बेड जवळपास नाहीसे झाले. मुंबईकरांची फुलझाडांची हौस काही त्या महिन्यात आटली नव्हती. मामांच्या खोलीत आजही पावसाळ्यात नेमक्या त्या दोन फुटांच्या सांध्यावर ओल येते. वाफा म्हणून घातलेला तुकडा खोलीची जमीन झाला, पण त्याचा सांधा वाफ्याचाच राहिला.

एखादी जागा कशातून जन्माला आली हे कळलं की ती पुढे आपल्याशी कशी वागेल याचा बराच अंदाज येतो. उंच इमारतीत अधल्यामधल्या मजल्यावर घराला लागून मोठा मोकळा सज्जा दिसला की मुलांना खेळायला जागा झाली म्हणून आनंद होतो. तो असतो आगीच्या वेळी माणसांनी येऊन थांबायचा रेफ्यूज एरिया. तो कायम रिकामा ठेवावा लागतो आणि त्यावर त्या मजल्यावरच्यांचा काहीही हक्क नसतो. हे माहीत असूनही त्याच्या शेजारचं घर घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्यावं, मोकळी हवा तर मिळतेच. स्टॅक पार्किंगचंही असंच. जागा कमी आणि गाड्या जास्त, म्हणून एकावर एक पाळणे. खालची गाडी हलल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणजे सकाळी ऑफिसला किती वाजता निघायचं हे एका अनोळखी कुटुंबाबरोबर ठरवावं लागतं. ज्यांच्या घरी एकाला रात्रपाळी आहे त्यांनी हा पाळणा डोळे उघडे ठेवून बघावा.

आता आमच्या गच्चीकडे येते. त्या इमारतीत दोन फ्लॅट आमच्या आवाक्यात होते, एकाखाली एक. चौथ्या मजल्यावरच्या घराची गच्ची हॉलला लागून, तोंड पश्चिमेला, समोर दूरवर डोंगरांची रेघ. पाचव्या मजल्यावरच्याची गच्ची बेडरूमला लागून, तोंड दक्षिणेला, समोर दुसरी इमारत, पण बऱ्याच अंतरावर. विक्रीवाल्या मुलाचा जीव चौथ्या मजल्यावर. ‘काकू, इथून सनसेट बघा,’ असं तो सासूबाईंना दोनदा म्हणाला. पाचव्याचा दर थोडा कमी होता आणि त्याचं कारण त्यानं आवाज खाली आणून सांगितलं. दक्षिण बाजू, शिवाय पाहुण्यांना गच्चीत न्यायचं तर बेडरूममधून न्यावं लागणार, त्यामुळे लोक नको म्हणतात.

सासूबाई सासवडच्या वाड्यात वाढल्या. चौक, त्यातली मोरी, पावसाळ्यात पन्हळींतून चौकात पडणारं पाणी, हे सगळं त्यांनी बघितलेलं. डोंगरांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग मान खाली घातली आणि कोपऱ्यातली पाण्याची जाळी शोधली. ‘पाणी कुठनं जातं रे?’ त्यांनी त्या मुलाला विचारलं. त्यानं जाळी दाखवली. त्यांनी माझ्या पर्समधली पाण्याची बाटली मागून घेतली, गच्चीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि अर्धी बाटली फरशीवर ओतली. आम्ही सगळे खाली बघत राहिलो. पाणी आधी पसरलं, थोडं थबकलं, मग एक धार जाळीच्या दिशेनं निघाली. दुसरी निघाली उलटी, सरकत्या दाराच्या पट्टीकडे. दाराशी येऊन ती पट्टीच्या खाचेत शिरली आणि तिथेच थांबली. ‘बघ,’ त्या मला म्हणाल्या, ‘एवढ्याशा पाण्याला जर घरात यावंसं वाटतं, तर आषाढात काय होईल?’

गच्चीला उतार साधारण शंभराला एक तरी लागतो, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. डोळ्यांना तो कळतही नाही, पाण्याला मात्र कळतो. गच्चीची जमीन हॉलच्या जमिनीपेक्षा खाली हवी आणि मध्ये उंबरा हवा. हल्ली घरातून गच्चीत सलग फरशी दाखवायची पद्धत आहे, फोटोत ती छानच दिसते. पण आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासकट येतो, तो उभा पडत नाही, आडवा मारतो. त्यात पुण्यातून लोणावळ्याकडे जावं तसतसा पाऊस वाढत जातो. शहरात छत्रीनं भागतं त्या दिवशी या बाजूला गच्च्या वाहत असतात. अशा ठिकाणी उंबरा हे जुनाट माणसांचं खूळ नाही. सासूबाईंनी पाचव्या मजल्यावरही उरलेली बाटली ओतली. तिथे उतार बरोबर होता आणि दाराला चांगला चार बोटं उंच उंबरा होता. का, ते साइटवरच्या इंजिनिअरनं सांगितलं. बेडरूमच्या बाजूची फरशी दुसऱ्या टोळीनं केली होती. इतकं साधं कारण. दाखवायच्या यादीत मात्र ते कुठेच नव्हतं.

मग राहिली दिशा. दक्षिणेचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं हात आखडता घेतात. श्रद्धेचा मुद्दा असेल तर मी वाद घालत नाही, ज्याच्या मनाला जे सोसत नाही त्यानं ते घेऊ नये. पण उन्हाचं म्हणाल तर पुण्याच्या अक्षांशावर हिशेब अगदी वेगळा निघतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. मधल्या काळात भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही, आणि जे वरून येतं ते दोन मजले वरच्या गच्चीचा स्लॅब अडवतो. डिसेंबरात मात्र भरदुपारीही सूर्य दक्षिणेला तिरपा असतो, जेमतेम ४८ अंशांवर. ते ऊन त्या उंच स्लॅबच्या खालून थेट गच्चीत आणि गच्चीतून खोलीत येतं. म्हणजे चटईक्षेत्राच्या हिशेबानं सोडलेली ती दुप्पट उंची थंडीत ऊन आत घेते आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवते. हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला. ठरवून केलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं.

पश्चिमेची गोष्ट उलटी. एप्रिलमध्ये चार वाजता सूर्य खाली आलेला असतो, दोन मजले उंच छत त्याला अडवूच शकत नाही. तोच सनसेट, ज्यासाठी दर जास्त. तीन वाजल्यापासून सात वाजेपर्यंत ऊन गच्चीतून हॉलमध्ये, हॉलच्या भिंतीवर. आणि भिंत कशाची, हाही प्रश्न आहेच.

हल्लीच्या उंच इमारतींत विटांची भिंत पुष्कळदा नसतेच. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. साइटवर सगळे त्याला ‘मिवान’ म्हणतात, एका कंपनीचं नाव पद्धतीलाच चिकटलं. मजले झपाट्यानं चढतात, कोपरे काटकोनात येतात, प्लास्टरचं काम वाचतं, सांधे कमी म्हणून गळतीची ठिकाणंही कमी होतात. या बाजू खऱ्या आहेत. पण अशा घरातली आतली भिंतही पुष्कळदा इमारतीचं ओझं पेलत असते. दोन खोल्या एक कराव्यात, स्वयंपाकघर उघडं करावं, दार थोडं सरकवावं, असं पुढे कधी वाटलं तर ते करता येत नाही, करूही नये. साधा खिळा ठोकायला ड्रिल लागतं. आणि दाट काँक्रीट विटेपेक्षा उष्णता सहज वाहून नेतं, हलक्या एएसी ब्लॉकच्या तर कितीतरी पट. पश्चिमेची काँक्रीटची भिंत संध्याकाळी तापते आणि आपण जेवायला बसतो तेव्हा आतून बोलू लागते. सासूबाईंना उन्हाळ्यात रात्री झोप लागत नाही. आमच्यासाठी डोंगरांची रेघ तिथेच संपली.

ज्यांना रोज संध्याकाळी उघड्यावर बसायला आवडतं, जे दिवसभर घरी नसतात, त्यांनी चौथा मजला घेतला असता तर त्यात मला काहीच गैर वाटलं नसतं. ते डोंगर खरोखर सुंदर दिसत होते.

देखाव्याची किंमत मोजताना मला चिखलीची आठवण येत राहिली. पिंपरी-चिंचवडमध्येच, इंद्रायणीच्या काठी, नदी दिसावी म्हणून घेतलेले बंगले. नदीकाठी पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नसते. चिखलीतले ३६ बंगले त्या रेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला, आणि मे २०२५ मध्ये महापालिकेनं ते पाडले. लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं आणि ज्यांनी त्यांना ती जागा विकली त्यांचा संतापही येतो. पवना नदी आमच्या इमारतीपासून दूर आहे, तरी मी विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही रेषा शोधून बघितल्या. नदी, ओढा, नाला, टेकडीचा उतार, उच्चदाबाची तार, यांतलं काहीही खिडकीतून दिसत असेल तर आधी नकाशा उघडावा. मोठ्या वैशिष्ट्यांपाशी आवडीनिवडीचा प्रश्नच नंतर येतो.

कागदांच्या बाबतीत आता पूर्वीसारखी अंधारी अवस्था राहिलेली नाही. गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण महारेरा मे २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून प्रकल्पाचे मंजूर नकाशे घरबसल्या बघता येतात. मी आमच्या मजल्याचा नकाशा मोठा करून बघितला. गच्चीच्या चौकटीत ‘ओपन टेरेस’ लिहिलं होतं आणि वरच्या मजल्याच्या नकाशात त्याच जागी फुली होती, मोकळ्या पोकळीची. त्या फुलीनं मला जितका विश्वास दिला तितका रंगीत माहितीपुस्तिकेनं दिला नव्हता. रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात उघडी गच्ची, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. त्यामुळे गच्चीच्या घराचं कार्पेट शेजारच्या घरापेक्षा कमी आणि किंमत जास्त असं दिसतं, आणि दर चौरस फुटामागे तुलना करणारा गोंधळतो. तुलना करायचीच तर गच्ची बाजूला काढावी आणि स्वतःला विचारावं, एवढ्या रकमेला मी ही जागा निराळी विकत घेतली असती का? आमचं उत्तर दक्षिणेच्या गच्चीबाबत हो आलं, कारण तिचे पैसे आधीच कमी लावले होते. ज्या कारणानं इतरांनी ती नाकारली ते कारण आम्हाला लागू नव्हतं.

बेडरूममधून वाट ही अडचण मात्र खरी होती. मी आणि नवरा त्यावर बराच वेळ बोलत होतो, पाहुणे आले तर काय, मुलांचे वाढदिवस गच्चीत करायचे तर काय. सासूबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ती खोली मला द्या. पहाटे उठून गच्चीत गेले तर हॉलमध्ये झोपलेल्या कुणाला उठवावं लागणार नाही. पापड-कुरडया घातल्या तर राखणही होईल. आणि पाहुण्यांचं म्हणाल, तर माझ्या खोलीतून चार माणसं गेली तर मला बरंच आहे की.’ आम्ही दोघं त्या दाराकडे पाहुण्यांच्या बाजूनं बघत होतो. त्या रोजच्या राहणाऱ्याच्या बाजूनं बघत होत्या.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. वेगळ्या वैशिष्ट्याचा विचार करताना आपण सणाचे दिवस डोळ्यांपुढे आणतो. कोजागरी, वाढदिवस, चार मित्र, मंद दिवे. गच्ची वर्षभर तिथेच असते. मार्गशीर्षातल्या दुपारी, वैशाखातल्या संध्याकाळी, श्रावणात कपडे वाळत नाहीत तेव्हा, आणि घरात एकटंच माणूस असतं तेव्हाही. त्या दिवसांत ती जागा कुणाच्या उपयोगी पडते, कुणाला ती झाडावी लागते, जाळीतली पानं कोण काढतं, गुडघे दुखत असताना चार बोटांचा उंबरा ओलांडता येतो का, हे सगळं बघावं लागतं. उंबऱ्याशेजारी भिंतीला पकडायला दांडी लावायची असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

गच्चीवर पत्रा टाकून किंवा काच लावून खोली करायची नाही, हेही आम्ही घरात बोलून घेतलं. पुण्यात अशा कितीतरी गच्च्या मिटलेल्या दिसतात. कायद्याच्या नजरेत ती उघडी जागा आहे, परवानगीशिवाय बंद करणं बेकायदा आहे. पण मला त्याहून जास्त वाटतं ते खाली-वरच्या माणसांचं. पाचव्या मजल्याच्या गच्चीच्या खाली दोन मजल्यांची पोकळी आणि मग तिसऱ्या मजल्याची गच्ची. माझ्या कुंडीतलं पाणी त्यांच्या वाळवणावर पडणार. आणि ओल सरळ खालीच जाते असं नाही. गच्चीचा स्लॅब जिथे इमारतीला मिळतो त्या सांध्यातून ती चौथ्या मजल्याच्या बेडरूमच्या छताच्या कडेला उतरते. उघड्या आभाळाचं सुख आमचं आणि भिंतीवरचा डाग त्यांचा, ही वाटणी मला मान्य नाही. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरनं ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. पण त्यासाठी दोष वेळेत दिसायला हवा, आणि आमच्या गच्चीचा दोष आम्हाला सगळ्यात शेवटी दिसणार, आधी त्यांना दिसणार.

म्हणून करारात गच्चीचं क्षेत्रफळ स्वतंत्र लिहून घेतलं, उंबऱ्याची उंची आणि ताब्याआधी पाणी भरून ठेवण्याची चाचणी लेखी मागून घेतली, आणि चौथ्या मजल्यावरचं घर ज्यांनी घेतलं त्यांचा फोन नंबर त्यांच्याच संमतीनं मिळवला. डोंगर त्यांना मिळाले. त्यांना दाराच्या पट्टीकडे धावणाऱ्या त्या पाण्याबद्दल सांगितलं, त्यांनी लगेच उतार नव्यानं करून मागितला आणि तो होतोही आहे. आमच्या गच्चीत पाणी भरतील ते तीन दिवस त्यांनी त्यांच्या बेडरूमच्या छतावर लक्ष ठेवायचं, त्यांच्या गच्चीत भरतील तेव्हा कुणी बघायचं ते खालच्या दोन्ही मजल्यांवरच्या लोकांशी बोलून ठरवायचं, असं आमचं झालं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाठ अजून पडायची आहे, त्यांना येत्या रविवारी भेटायचं आहे.